चंद्रभानरावांनी नेटची सेटिंग लावली

चंद्रभानरावांच्या दारातून कुणी रिकाम्या हातानं परत गेल्याचं पेडगावात कुणाला आठवत नाही. फवारणीचा पंप असो, लग्नातली सतरंजी असो, पाहुण्याला स्टेशनवर सोडायला मोटारसायकल असो, मागणाऱ्यानं ओट्याशी येऊन नुसतं खाकरलं तरी आतून आवाज यायचा, "काय पायजे?" एका वर्षी गल्लीतले बोअर आटले आणि यांच्या बोअरला तेवढं पाणी राहिलं, तेव्हा यांनी पाइप सरळ ओट्यावर आणून सोडला. गल्लीनं हंडे भरले आणि यांचा स्वतःचा हरभरा एका पाण्यावाचून गेला. बायको कस्तुराबाई त्या वेळी काही बोलल्या नाहीत. बोलून उपयोग नसतो हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

सढळ हाताइतकाच चंद्रभानरावांचा दुसरा गुण म्हणजे त्यांचा सेटिंगवरचा विश्वास. गावच्या सोसायटीचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. त्या काळात त्यांचं मत पक्कं झालं, की जगात अवघड काम असं नसतंच, माणसाला त्याची सेटिंग माहीत नसते. विजेचा डीपी जळाला की लाइनमनच्या साडूला फोन करायचा. कॅनॉलचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचेना तर पाटकऱ्याच्या सासुरवाडीहून निरोप धाडायचा. कचेरीत साहेब भेटत नसले तर साहेबांच्या ड्रायव्हरबरोबर चहा प्यायचा. यातल्या किती गोष्टींनी काम झालं आणि किती कामं आपोआप व्हायचीच होती, याचा शोध कुणी घेतला नाही. चंद्रभानरावांनी तर मुळीच नाही.

अशा घरात निकिता सून म्हणून आली. मुलगा परमेश्वर परभणीला खत-बियाणांचं दुकान चालवायचा आणि रोज मोटारसायकलनं जाऊन-येऊन करायचा. निकिता लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत इमारतींचे नकाशे संगणकावर काढत होती. कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली, एकाच अटीवर, की नेट चांगलं पाहिजे. चंद्रभानरावांना सुनेचा फार अभिमान. "आमची सून पेडगावात बसून पुण्यात बिल्डिंगा बांधायलीय," असं ते मोंढ्याच्या बाजारात ओळखीच्या आणि बिनओळखीच्या माणसांना सांगायचे.

तेव्हा घरात नेटची तार आली ती वाजतगाजतच आली. परभणीहून नागेश नावाचा तरुण ती जोडायला आला होता. त्यानं माजघरातल्या फळीवर राउटरची पांढरी डबी बसवली. चंद्रभानरावांनी डबीला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि जमलेल्या गल्लीला पेढे वाटले. नागेशनं विचारलं, की नेटला नाव काय द्यायचं आणि पासवर्ड काय ठेवायचा. चंद्रभानराव थोडे लाजले. त्यांनी बायकोचं नाव चारचौघांत घेतलं होतं ते लग्नात, उखाण्यापुरतं. त्यानंतर "आगं" यावरच संसार झाला होता.

"घरच्या लक्ष्मीचंच नाव द्या," ते म्हणाले. "कस्तुरा. दोन्हीकडं तेच. पासवर्डात पुढं एक-दोन-तीन टाका, म्हंजी कुणाला ध्यानात ठेवायला जड जाणार न्हाई."

लोकांनी उखाण्याला हसावं तसं हसून दाद दिली. कस्तुराबाई त्या वेळी आत पन्नासेक माणसांचा चहा गाळत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. आणि पेढा खाणाऱ्या प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात मोबाइल होता.

आठ दिवसांत चंद्रभानरावांच्या ओट्याला जत्रेची कळा आली. म्हातारी माणसं कीर्तनं पाहायला लागली, पोरं खेळ खेळायला लागली, कॉलेजातल्या मुली पायरीवर बसून धडे उतरवून घ्यायला लागल्या. शेजारच्या गल्लीतला रामकिशन लग्नांचं शूटिंग करायचा. गिऱ्हाइकांना व्हिडिओ पाठवायला त्याला पूर्वी परभणी गाठावी लागायची. आता तो ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप उघडून हळदीपासून वरातीपर्यंतचं अख्खं लग्न तिथूनच पाठवायचा. चंद्रभानराव मधोमध खुर्ची टाकून बसायचे. एवढी माणसं चेअरमनकीच्या काळातसुद्धा त्यांच्या दारात नव्हती. कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, सगळ्यांच्या माना खाली होत्या, पण गर्दी होती.

आत निकिताचा नकाशा अर्ध्यावर लटकायचा. तिनं पहिल्यांदा सासऱ्यांना आडून सांगितलं, मग सरळ सांगितलं. "मामा, घरात येणारं नेट ठरलेलं असतं. तेवढ्यातच सगळ्यांचं भागवायचं. बाहेर लय जण जोडलेत."

"जोडले तर जोडले," चंद्रभानराव म्हणाले. "ते काय पाणी हाय का, वाटल्यानं कमी व्हायला? ज्ञान हाय ते. वाटल्यानं वाढतं."

मात्र सुनेचं काम अडतंय ही गोष्ट त्यांना लागली. त्यांनी प्रकरण हाती घ्यायचं ठरवलं. अडचण आहे म्हणजे सेटिंग चुकलेली असणार, आणि नेटची सेटिंग कॉम्प्युटरमध्ये असणार, हे त्यांच्या दृष्टीनं उघड होतं. ओट्यावर बसलेल्या माणसांशी त्याचा काही संबंध असू शकतो, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. शिवला असता तरी त्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

परमेश्वरचा एक जुना लॅपटॉप होता, तो त्यांनी घेतला आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. एका व्हिडिओत लाल टोपी घातलेला माणूस सांगत होता, की कॉम्प्युटर तुमच्या नेटमधलं वीस टक्के गुपचूप स्वतःसाठी राखून ठेवतो आणि ते सोडवायची एक सेटिंग आहे. चंद्रभानरावांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. संतापानं त्यांचे कान लाल झाले. "वीस टक्के," ते परमेश्वरला म्हणाले, "एवढं तर आडत्याबी कापत न्हाई."

निकितानं समजावून पाहिलं. ते राखीव फक्त अगदी तातडीच्या कामापुरतं असतं, एरवी कॉम्प्युटर सगळं नेट वापरूच देतो, तो आकडा शून्य केला तरी फरक पडत नाही. चंद्रभानरावांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. हिशेबात गोलमाल नाही असं सांगणाऱ्या भोळ्या माणसाकडं पाहावं तसं. मग त्यांनी जुन्या लॅपटॉपवर आणि निकिताच्या कॉम्प्युटरवर त्या वीसचे शून्य केले आणि सकाळी वेग मोजायचं ठरवलं, कारण कुठल्याही औषधाला रात्रभर मुरू द्यावं लागतं.

पहाटे अंघोळ करून, तुळशीला पाणी घालून ते वेग मोजायला बसले. आदल्या संध्याकाळी जो काटा तीनावर तडफडत होता, तो सरसर चढून शंभराला भिडला. ओटा मोकळा होता. गाव झोपलेलं होतं. रामकिशन झोपलेला होता. चंद्रभानरावांनी पडद्याला हात जोडले आणि गावच्या ग्रुपवर बातमी टाकली.

दुपारी काटा पुन्हा तीनावर आला. याचा अर्थ त्यांनी असा लावला, की सेटिंगचा जोर उतरला, आता दुसरी पाहिजे. त्या दिवसापासून हा नेम झाला. संध्याकाळी नवी सेटिंग लावायची, पहाटे वेग मोजायचा, पहाटे ती लागू पडायची आणि दुपारपर्यंत उतरायची. एकदा त्यांनी कॉम्प्युटरचं पोट साफ केलं, म्हणजे साठलेल्या जुन्या फायली पुसल्या. एकदा डीएनएस बदललं. डीएनएस म्हणजे पत्ता विचारायचा माणूस, असं निकितानं त्यांना सांगितलं होतं. माणूस बदलला तर पत्ता जरा लवकर कळतो, पण रस्ता तोच राहतो. चंद्रभानरावांना त्यातला पहिला भागच आवडला. ते दर दोन दिवसांनी पत्ता विचारायचा माणूस बदलायला लागले.

कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. पालमहून एक पाहुणा खताच्या पिशवीत लॅपटॉप गुंडाळून एसटीनं आला. चुडाव्याहून रेल्वेनं एक मास्तर आले. सेटिंग रात्रभर मुरवावी लागते म्हणून माणसं मुक्कामाला राहायला लागली आणि कस्तुराबाई भाकरी थापायला लागल्या. आलेल्या प्रत्येकाला वेग पाहण्यासाठी नेट लागायचं, म्हणून चंद्रभानराव त्यालाही पासवर्ड द्यायचे. पालमच्या पाहुण्यानं घरी जाऊन फोन केला, की इथं पुन्हा जैसे थे झालं. चंद्रभानरावांनी विचारपूर्वक सांगितलं, की तुमच्याकडं लाइट कमी दाबाची असेल.

चुडाव्याच्या मास्तरांना मात्र खरोखर गुण आला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शाळेचे हजारो फोटो दिवसभर आपोआप कुठंतरी वर चढत होते आणि शिवाय दोन-तीन गोष्टी आतल्या आत डाउनलोड होत होत्या. मास्तर जेवायला बसले तेव्हा निकितानं ते सगळं बंद करून दिलं. कॉम्प्युटर स्वतःच नेट खात असेल तर त्याचं तोंड बंद करता येतं, एवढीच काय ती सेटिंगची करामत, असं ती म्हणाली. मास्तरांनी घरी पोचल्यावर फोन करून चंद्रभानरावांचे आभार मानले. चंद्रभानरावांनी ते घेतले.

मग तो दिवस आला. निकितानं महिनाभर खपून एका शाळेच्या इमारतीचा नकाशा तयार केला होता आणि तो पुण्याच्या साहेब लोकांना दाखवायचा होता. दुपारची वेळ. तिनं दार लावून घेतलं, इस्त्रीची ओढणी घेतली आणि बोलायला सुरुवात केली. बाहेर रामकिशन मानवत गावचं एक लग्न पाठवायला बसला होता. मोठ्या घरचं लग्न होतं, ड्रोननं काढलेलं. निकिताचा चेहरा पडद्यावर अर्धे डोळे मिटलेला तसाच थिजला. नकाशा उघडेना. साहेब लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन करून सांगितलं, की आता दुसऱ्यांदा बसू, पण पुन्हा असं झालं तर तुम्हाला पुण्याला येऊनच काम करावं लागेल.

निकितानं तोंड धुतलं आणि संध्याकाळचा स्वयंपाक केला. झालेलं तिनं फक्त परमेश्वरला सांगितलं. परमेश्वर बोलला. जेवताना त्यानं वडिलांना सांगितलं, की ही पुण्याला गेली तर मलाही जावं लागेल, दुकान कुणाला तरी चालवायला द्यावं लागेल. चंद्रभानरावांनी ताट सरकवलं. ते उठले, निकिताचा कॉम्प्युटर पुढ्यात घेतला आणि आजवर शिकलेल्या साऱ्या सेटिंग त्यांनी एकदम लावल्या. शेवटची एक नवी होती, पडद्यावरच्या खिडक्यांच्या सावल्या बंद करायची. सावल्या गेल्या आणि पाठोपाठ पडदाही गेला. कॉम्प्युटर पुन्हा चालू होईना.

दुसऱ्या दिवशीची सकाळ निकितानं तो दुरुस्त करण्यात घालवली. चंद्रभानराव दारात उभे होते. आत यायची त्यांची हिंमत नव्हती आणि जाववतही नव्हतं. "नकाशा गेला का गं?" त्यांनी एकदाच विचारलं. नकाशा शाबूत आहे असं ती म्हणाली तेव्हा ते खाली बसले.

त्याच दिवशी कस्तुराबाई दळण घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. नंबर यायला वेळ होता म्हणून भिंतीला टेकून बसल्या. त्यांचा गुडघा दुखायचा, चालताना त्या जरा लंगडायच्या. भिंतीपलीकडं दोन पोरं बोलत होती.

"कस्तुरा सकाळी चांगली चालती," एक म्हणाला. "दुपारून लय स्लो होती."

"आता काय दम राह्यला न्हाई तिच्यात," दुसरा म्हणाला. "आधी मागच्या गल्लीपस्तोर मिळायची."

कस्तुराबाईंना पहिल्यांदा वाटलं, पोरं आपल्या गुडघ्याबद्दल बोलताहेत. गावातल्या पोरांना आपली एवढी काळजी आहे म्हणून त्यांना क्षणभर बरंसुद्धा वाटलं. मग मागच्या गल्लीचा अर्थ त्यांना लागेना. त्यांनी गिरणीवाल्याच्या बायकोला विचारलं. तिनं पदर तोंडाला लावून सगळं सांगितलं, की तुमच्या नेटचं नावच ते आहे, पासवर्डही तोच आहे, आणि गावातली माणसं दिवसभर कस्तुरा लागली का, कस्तुरा का लागंना, असंच एकमेकांना विचारत असतात.

दळण तिथंच ठेवून त्या घरी आल्या. ओट्यावरची माणसं सरकली नाहीत, माना खालीच होत्या, म्हणून त्यांना कडेकडेनं वाट काढत आत जावं लागलं. चंद्रभानराव लाल टोपीवाल्याचा व्हिडिओ पाहत होते. कस्तुराबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"परमेश्वरचे बाबा, तुमी बोअर वाटला, मी बोलले न्हाई. सतरंज्या फाटून आल्या, मी शिवल्या. आता माझं नाव वाटायलात. पोरं म्हणायलेत, कस्तुरात दम राह्यला न्हाई. माझं नाव तिथून उतरवा. मग मी चुलीकडं जाते."

चंद्रभानरावांनी लाल टोपीवाल्याला मध्येच बंद केलं. सुनेनं महिनाभर सांगितलेली, पुण्याच्या साहेबांनी धमकावून सांगितलेली गोष्ट त्यांच्या कानाबाहेर राहिली होती, ती आता बायकोच्या नावावर बसून आत आली. त्यांनी निकिताला हाक मारली आणि नाव, पासवर्ड दोन्ही बदलायला सांगितलं. नवं नाव काय ठेवू, असं तिनं विचारलं. कुणाच्याही बायकोचं नको, एवढं कस्तुराबाई चुलीकडं जाता जाता म्हणाल्या.

निकितानं राउटर उघडून बदल केला. खिडकीतून ओटा दिसत होता. एक-एक मान वर यायला लागली. मोबाइल हलवून पाहणं, आकाशाकडं धरणं, बंद करून चालू करणं सुरू झालं. तिनं सासऱ्यांचा मोबाइल मागून घेतला, त्यात नवा पासवर्ड स्वतः टाकला आणि तो काय आहे ते सांगायला तोंड उघडलं.

"मला सांगू नको," चंद्रभानराव घाईनं म्हणाले. "मला ठावं झालं की मी सांगणार. माझ्याच्यानं न्हाई म्हणवत न्हाई."

त्या दुपारी काटा शंभराला लागला आणि तिथंच राहिला. पुढच्या आठवड्यात निकितानं शाळेचा नकाशा एका दमात दाखवला. साहेब लोकांनी जिना जरा रुंद करायला सांगितला, बाकी सगळं पसंत पडलं. पुण्याला जाण्याचा विषय निघाला नाही. चंद्रभानरावांनी पालमला, चुडाव्याला आणि आणखी चार ठिकाणी फोन करून कळवलं, की अखेर मर्म सापडलं, ते सावल्यांमध्ये होतं. खिडक्यांच्या सावल्या बंद करा, फक्त बेतानं करा. निकितानं ते ऐकलं आणि नकाशातला जिना रुंद करायला घेतला. या घरात आपल्याला राहायचं आहे हे तिनं मनाशी ठरवलेलं होतं.

गावानं मात्र सावल्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. माणसं येऊन पासवर्ड विचारायची आणि चंद्रभानराव खरं तेच सांगायचे, की मला माहीत नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाला स्वतःच्या घरचा पासवर्ड माहीत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार. सून आली आणि म्हातारा बदलला, असं लोक म्हणायला लागले. रामकिशन समोरून गेला तर तोंड फिरवायला लागला. त्यानं घरी स्वतःचं नेट घेतलं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या ओट्यावर माणसं बसायला लागली.

चंद्रभानराव संध्याकाळी आपली खुर्ची टाकून बसायचे. ओटा झाडलेला, स्वच्छ. कुणी रस्त्यानं खाकरलं तर ते मान वर करायचे, पण तो माणूस नुसताच खाकरलेला असायचा. कस्तुराबाईंना ते पाहवेना. एकदा त्यांनी निकिताला विचारलं, की यांच्यापुरतं थोडंसं नेट बाहेर सोडता येईल का. निकिता म्हणाली, येतं, पाहुण्यांसाठी वेगळं बारीक नेट काढता येतं, राउटरमध्ये तशी सोय असते. चंद्रभानरावांनी ऐकून नको म्हटलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना बहुधा समजलं होतं, की माणसं कशाला येत होती.

पोळ्यानंतरच्या एका संध्याकाळी आश्रुबा आले. गावाबाहेर त्यांचं मेंढरांचं वाडगं होतं. त्यांच्याकडं बटणांचा फोन होता आणि तो बहुतेक वेळा बंद असायचा. पूर्वी ते आठवड्यातून दोनदा यायचे, या साऱ्या काळात दिसले नव्हते. ते ओट्यावर टेकले आणि तंबाखू मळायला लागले.

"लय दिवस केले, आश्रुबा."

"आलतो दोन-तीन बार," आश्रुबा म्हणाले. "बसायला जागा न्हवती. म्हणलं, यांच्याकडं कुणी वारलं का काय, सगळी मान घालून बसल्यात."

चंद्रभानराव हसले, पुष्कळ दिवसांनी. कस्तुराबाईंनी चहा आणून दिला. मग आश्रुबांनी विचारलं, की हे एवढं नेट नेट करतात ते असतं तरी काय. चंद्रभानरावांनी खुर्ची जवळ ओढली आणि सुरुवातीपासून सांगायला घेतलं, कॉम्प्युटर वीस टक्के कसे दाबून ठेवतो, पत्ता विचारायचा माणूस कसा बदलावा, पोट कसं साफ करावं, सावल्यांना कधी हात लावावा. दिवेलागण होऊन गेली तरी ते सांगतच होते. आश्रुबांना त्यातलं काही कळलं नाही, पण ते शेवटपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत बसून राहिले.